बेस गिटारचा पिकअप बदलताना इतिहासाचे काय होते?

#थ्रेड

१/ जुन्या वाड्याची तुळई कुजली की ती बदलावीच लागते. बदलल्यावर वाडा तोच राहतो का, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांना नवा नाही. हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या वस्तूपुढेही उभा राहतो. ती वस्तू म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यावरची इलेक्ट्रिक बेस गिटार आणि तिच्या पोटातला तळहाताएवढा पिकअप.

२/ लिओ फेंडर कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवत. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५१ मध्ये त्यांच्या कारखान्यातून ‘प्रिसिजन बेस’ बाहेर पडला. तोवर खर्जाचे काम माणसाहून उंच अशा डबल बेसकडे होते. तो वाहून नेणे कष्टाचे होते आणि ड्रम व ब्रासच्या गोंगाटात त्याचा आवाज बुडून जाई. नव्या वाद्याच्या दांडीवर पडदे होते. बोट पडद्यामागे पडले की स्वर अचूक लागे. ‘प्रिसिजन’ हे नाव त्यावरूनच आले.

३/ या वाद्याचा खरा कंठ म्हणजे पिकअप. अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकांभोवती तांब्याच्या, केसाइतक्या बारीक तारेचे हजारो फेरे गुंडाळलेले असतात. वर पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. मायकल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. फेरे किती, तार किती घट्ट, चुंबक किती प्रबळ, यांवर आवाजाचा पोत ठरतो.

४/ पहिल्या प्रिसिजन बेसमध्ये एकच वेटोळे होते आणि आसपासच्या विजेची गुणगुण ते आपसूक टिपत असे. १९५७ मध्ये पिकअपचे दोन तुकडे झाले. प्रत्येक तुकडा दोन तारांसाठी. दोहोंच्या चुंबकांची व वेटोळ्यांची दिशा परस्परविरुद्ध ठेवल्याने गुणगुण एकमेकींना छेदून नाहीशी होऊ लागली आणि तारांचा स्वर मात्र शाबूत राहिला. १९६० मध्ये दोन स्वतंत्र पिकअप असलेला ‘जॅझ बेस’ आला. आजही जगभरच्या असंख्य बेस गिटार या दोन आराखड्यांच्याच वंशातल्या आहेत.

५/ गिटारच्या डोक्यावर नाव फेंडर यांचे असे. पण आतली तार गुंडाळणारे हात कोणाचे होते? अ‍ॅबिगेल इबारा १९५६ मध्ये या कारखान्यात दाखल झाल्या आणि २०१३ मध्ये निवृत्त झाल्या. यंत्र बॉबिन फिरवी, पण तारेला दिशा देण्याचे काम बोटांचे होते. त्यामुळे एक पिकअप दुसऱ्यासारखा तंतोतंत होत नसे. १९६०च्या दशकातील काही पिकअपांच्या तळाशी तारीख आणि कामगाराची आद्याक्षरे आढळतात. गिटारच्या दर्शनी भागावर ज्यांना जागा नव्हती, त्यांची सही अशी तळाशी राहिली.

६/ वाजवणाऱ्यांची कथाही फारशी वेगळी नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सन १९६२ची प्रिसिजन बेस वाजवत, तीही बहुधा एकाच तर्जनीने. त्या ध्वनिमुद्रिकांवर गायकांची नावे असत, वादकांची नसत. जेमर्सन यांचे नाव मोटाउनच्या एका मोठ्या अल्बमवर छापले गेले ते १९७१ मध्ये, मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच्या काही दिवस आधी त्यांची ती गिटार चोरीला गेली होती.

७/ म्हणजे एक अनाम हात तार गुंडाळतो, दुसरा अनाम हात तार छेडतो, आणि दोघांची गाठ पडते ती पिकअपमध्ये. असा पिकअप काढून टाकणे म्हणजे नेमके काय टाकणे, हे त्यामुळे नीट पाहायला हवे.

८/ तो बदलावा का लागतो? जुन्या बॉबिनमध्ये तार चुंबकांना अगदी लगटून गुंडाळलेली असे. मधे जेमतेम लाखेचा पातळ थर. घाम आणि दमट हवा आत शिरली की चुंबक गंजतात, तारेवरचे आवरण जाते, आणि एखाद्या ठिकाणी तार तुटते. मल्टिमीटरवर एरवी साधारण १० ते ११ किलोओहम दाखवणारा प्रिसिजनचा पिकअप मग अनंत रोध दाखवतो. वाद्य मुके होते.

९/ मात्र सगळेच पिकअप बिघडले म्हणून गेले नाहीत. १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएसच्या मालकीची झाली. पुढच्या दशकात वादकांना अधिक जोरकस, अधिक स्वच्छ आवाज हवा होता. १९७०च्या दशकात डिमार्झिओ, सेमोर डंकन, ईएमजी अशा स्वतंत्र पिकअप बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्या काळी १९६२ची गिटार ही वारसावस्तू नव्हती. दुसऱ्या हाताने घेतलेले कामाचे हत्यार होते. जुने पिकअप निघाले आणि अनेक ठिकाणी ते कोणी जपलेच नाहीत.

१०/ नुकसानीचे दोन प्रकार आहेत. सोल्डर वितळवून पिकअप काढला आणि डबीत ठेवला, तर उद्या तो परत बसवता येतो. नव्या आकाराचा पिकअप बसावा म्हणून लाकूड कोरले, तर ते लाकूड परत येत नाही. १९६४च्या व्हेनिस सनदेने वास्तूंसाठी एक तत्त्व घालून दिले: बदललेला भाग मूळ भागाशी सुसंगत असावा, पण वेगळा ओळखूही यावा, म्हणजे जीर्णोद्धाराने पुरावा खोटा ठरणार नाही. वाद्यांनाही ते तितकेच लागू पडते.

११/ पुरावा हा शब्द येथे अलंकारिक नाही. जुन्या गिटारच्या आतल्या आवाज-नियंत्रक बटणांच्या धातूवर आकडे उमटवलेले असतात. पहिले तीन आकडे निर्मात्याचे (१३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल) आणि पुढचे वर्षाचे व आठवड्याचे. ३०४६१२८ याचा अर्थ स्टॅकपोल, १९६१, अठ्ठाविसावा आठवडा. गिटार त्याआधीची असू शकत नाही. ताम्रपटावरील मितीइतकीच ही नोंद मोलाची आहे. कधीही न हलवलेले सोल्डर हीदेखील साक्षच, कारण ते आकडे मूळचेच आहेत, असे ते सांगते.

१२/ पण प्रत्येक बदल ही हानी असते का? जॅको पास्टोरियस ज्या १९६२च्या जॅझ बेसवर वाजवत, तिचे पडदे काढून टाकलेले होते आणि दांडीवर इपॉक्सीचा थर होता. मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्या संग्राहकाला हा अनर्थ वाटेल. पण १९७६च्या त्यांच्या पहिल्या अल्बमने बेस गिटारकडे पाहण्याची दृष्टी बदलली, ती याच ‘बिघडवलेल्या’ वाद्याने. १९८६ मध्ये तीही चोरीला गेली आणि वीसेक वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये सापडली. आज कोणी तिच्यावर पुन्हा पडदे ठोकले, तर तो जीर्णोद्धार नव्हे, विध्वंस ठरेल. प्रत्येक काळाने घातलेली भर हाही वस्तूच्या इतिहासाचाच भाग असतो.

१३/ १९८२ मध्ये फेंडर कंपनीनेच १९५७ आणि १९६२च्या आराखड्यांच्या नव्या आवृत्त्या बाजारात आणल्या. ‘व्हिंटेज धाटणी’ हा प्रकार तेथून रुळला. गंमत अशी की १९५७ आणि १९८२ यांत अंतर २५ वर्षांचे. त्या आवृत्त्यांना मात्र आज ४०हून अधिक वर्षे झाली. मुळाची नक्कल म्हणून जन्मलेली वस्तू आता स्वतःच अस्सल जुनी झाली आहे. तिच्यातला पिकअप ‘काय, नक्कलच तर आहे’ म्हणून फेकणारा आज नेमकी तीच चूक करतो, जी १९७०च्या दशकातील वादकाने नकळत केली होती.

१४/ मग वादकाने आवाजाची इच्छा मारावी का? मुळीच नाही. वाद्य वाजण्यासाठी असते. आधी छायाचित्रे घ्यावीत, रोध मोजून लिहून ठेवावा, तारा कापू नयेत, सोल्डर वितळवून सोडवाव्यात. नवा पिकअप मूळ खाचेत बसणारा निवडावा. लाकडाला पटाशी लावू नये. जुन्या पिकअपला चिठ्ठी बांधून तो गिटारच्या पेटीतच ठेवावा. वेटोळे तुटले असेल तर त्याच चुंबकांवर व बॉबिनवर नवी तार गुंडाळून घेता येते. त्यात जुने फेरे जातात, म्हणून नोंद अधिकच हवी.

१५/ वाड्याच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा येथेच आहे. तुळई बदलली म्हणून वाडा खोटा होत नाही. जुनी तुळई कोठे गेली, कोणी बदलली आणि का, हे सांगणारे कोणी उरले नाही, की मग वाडा मुका होतो. गिटारच्या पेटीतली एक चिठ्ठी, तिच्यावर तारीख आणि बदलणाऱ्याचे नाव: पिकअपच्या तळाशी आद्याक्षरे लिहिणाऱ्या त्या हातांनी याहून वेगळे काही केले नव्हते.

(थ्रेड समाप्त)