झाकली पुडी

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे ज्याने प्रथम म्हटले त्याने लहान मुलाच्या हाती बंद पुडी कधी दिली नसावी. मोठी माणसे झाकल्या मुठीचा मान राखतात. मुलांना ती दाबून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. आमच्या शाळेसमोरच्या दुकानात पाच रुपयांना पोंग्यांची पुडी मिळते. आत पोंगे थोडे, हवा पुष्कळ आणि तळाशी प्लास्टिकचे एखादे खेळणे : कधी शिट्टी, कधी भिंगरी, कधी बोटभर मोटार. पोंग्यांसाठी ही पुडी कुणी घेत असेल असे मला वाटत नाही. मधली सुट्टी झाली की पोरे दुकानात टांगलेल्या पुड्यांच्या माळेपाशी उभी राहतात आणि एकेक पुडी चाचपतात. डोळे वर आढ्याकडे, खालचा ओठ दाताखाली आणि सारा जीव बोटांच्या टोकाशी. पाढे म्हणताना अशी एकाग्रता मी वर्गात कधी पाहिलेली नाही. "पुड्या दाबू नका रे, चुरा होतो!" म्हणून दुकानदार ओरडतो. त्याचे खरे आहे. दिवसभर दहा हातांनी चाचपलेली पुडी शेवटी ज्या पोराच्या वाट्याला येते, त्याला शिट्टीही मिळत नाही आणि पोंगेही धड मिळत नाहीत.

ही विद्या विलायतेतही चालत असे, आणि तिकडच्या रीतीप्रमाणे तिचे शास्त्रही झाले होते. डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाचे एक गाव आहे. तेथल्या एका सुताराने 1932 साली लाकडी खेळणी करायला घेतली आणि त्यातून लेगो ही जगभर माहीत असलेली कंपनी उभी राहिली. एकात एक बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा हा तिचा मुख्य माल. 1978 पासून या विटांच्या घरांत राहायला बोटाच्या दोन पेरांएवढी माणसे आली, आणि 2010 साली कंपनीने ही माणसे बंद पिशव्यांतून सुटी विकायला काढली. एका मालिकेत सोळा निरनिराळी माणसे, पुढे पुढे बारा; पिशव्या मात्र बाहेरून सगळ्या सारख्या. नशिबात असेल ते निघेल! एकच निघाले तर ठीक, पण चारदा तेच निघाले तर पोराने काय करावे? 2013 सालच्या दहाव्या मालिकेत तर कंपनीने अवघी पाच हजार सोनेरी माणसे करून जगभरच्या पिशव्यांत विखरून टाकली होती. त्या पाच हजारांपायी किती लाख पिशव्या दाबल्या गेल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नसावा.

सुरुवातीला पिशवीच्या पाठीवरच्या रेघांच्या खुणेवरून आत कोण आहे हे हुशार मंडळींनी ओळखले. मग पिशवीच्या कडेला दाबून उठवलेले बारीक ठिपके सापडले. आणि जेथे तेही कामास येईनात तेथे माणसे बोटांवर आली. कोणत्या माणसाच्या हाती काय असते, कुणाची टोपी टोकदार, कुणाच्या पाठीला पंख, याच्या याद्या तयार झाल्या. चांगली कमावती माणसे दुकानाच्या कोपऱ्यात तासतासभर पिशव्या चोळीत उभी राहू लागली. आमच्या मधल्या सुट्टीतली पोरे आणि ही माणसे यांत मला फारसा फरक दिसत नाही. फार तर त्यांना दुकानदार हळू आवाजात रागावत असेल.

साच्यातून काढलेली माणसे आमच्या मुलखाला नवी नाहीत. पैठण, तेर, भोकरदन येथील उत्खननांत सातवाहनकाळच्या मातीच्या लहान मूर्ती निघाल्या आहेत. साच्याचे दोन भाग जोडून केलेल्या त्या पोकळ मूर्ती पाहिल्या की हातात घेऊन दाबाव्याशा वाटतात. अर्थात संग्रहालयात तसे करू देत नाहीत, ते योग्यच आहे.

आता अण्णांकडे येतो. अण्णा माझे धाकटे चुलते. शाळा त्यांनी दुसरीत सोडली. मी मॅट्रिकपर्यंत गेलो, तर त्याचाही त्यांना कोण अभिमान! त्यांचा धंदा जनावरांच्या दलालीचा. पाचोडची मोसंबी अलीकडे नावाजली. त्यापूर्वी आमच्या भागात पाचोड म्हटले की आधी बैलबाजार आठवे. या बाजारात अण्णांची चाळीस वर्षे गेली. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला, हे तर कुणीही सांगेल. अण्णा बैलाच्या पाठीवरून वशिंडापासून शेपटीपर्यंत एकदाच हात फिरवीत आणि त्याने गेल्या उन्हाळ्यात चारा खाल्ला की नुसता उन्हाळा खाल्ला, ते सांगत.

आणि मग रुमाल. बाहेरच्यांना ही गोष्ट ठाऊक नसते म्हणून सांगतो. सौदा करताना दोघे एकमेकांचा हात धरतात, त्यावर रुमाल किंवा उपरण्याचे टोक टाकतात, आणि भाव बोटांनी बोलतात. जितकी बोटे धरली तितका आकडा; शेकडा की हजार हे मालावरून ज्याने त्याने समजायचे. आकडे बोटांचे आणि शून्ये समजुतीची! या बोटांच्या भाषेला करपल्लवी असे गोड नाव आहे. नाव गोड असले तरी काम नेहमीच गोड नव्हते. बैलाचा धनी शेतकरी दोन हातांवर उभा असे, आणि त्याच्या बैलाचे काय मोल होत आहे हे त्याच्याखेरीज सगळ्यांच्या बोटांना कळे. 1963 च्या कायद्याने बाजार समित्यांत शेतमालाचे लिलाव उघड बोलीने व्हायचे ठरले, ते उगाच नाही. जनावरांच्या बाजारात मात्र रुमाल टिकून राहिला. अण्णांनी कधी कुणाला फसवले नाही असे मी म्हणणार नाही. जातिवंत दलालाबद्दल असे म्हटले तर त्यालाच तो अपमान वाटेल.

पुढे ट्रॅक्टर आले, 2015 साली गोवंशहत्याबंदीचा कायदा आला, म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही आणि बाजार आटला. त्याच सुमारास अण्णांचे डोळे गेले. काचबिंदू, कळले तेव्हा उशीर झाला होता, आणि या रोगात गेलेली नजर परत येत नाही. डोळ्यांबरोबर अण्णांनी बाजारही सोडला आणि घराची पायरीही. ओसरीवर खांबाला टेकून बसत. कुणी हात धरून न्यावे हे त्यांना खपत नसे. "ह्या हातानं म्या शंभराचे हात धरले. आता माझा धरून नेता व्हय?" म्हणत. चार माणसांत जेवायचेही त्यांनी बंद केले.

2022 च्या दिवाळीला त्यांचा मुलगा, माझा चुलत भाऊ, इंग्लंडहून सहकुटुंब आला. बरोबर नऊ वर्षांचा नातू. मराठी त्याला कळे, पण बोलायला गेला की क्रियापदे कुठल्या कुठे जात. अण्णांच्या दुधाळ डोळ्यांना तो भ्याला होता. नमस्कार करून जो आत पळाला तो दोन दिवस ओसरीकडे फिरकला नाही. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त त्याचा आवाज आला की मान त्या बाजूला वळे.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, 25 ऑक्टोबरला, सूर्यग्रहण होते. दुपार कलली तशी घरातल्या बायकांनी मुलांना बाहेर जाण्याची बंदी केली. दारे लोटली, स्वयंपाकघर थंड झाले. "मला रोजचंच गिराण," असे अण्णा म्हणाले आणि कुणालाच हसता आले नाही. पोरगा कंटाळला आणि आपल्या बॅगेतून पाच-सहा चकचकीत पिशव्या घेऊन ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसला. रोज एकच फोडायची असा बापाचा नियम. तेव्हा फोडता येत नाही म्हणून तो त्या चाचपू लागला.

"काय वाजतंय रं ते?" अण्णांनी विचारले.

पोराला उत्तराची वाक्यरचना सुचली नसावी. तो उठला आणि एक पिशवी अण्णांच्या हातात ठेवून चटकन मागे सरला. अण्णांनी ती दोन्ही हातांच्या चिमटीत धरली. आतले तुकडे एकेक करून कोपऱ्यात लोटले. मग एका तुकड्यावर अंगठा थांबला.

"चार पायाचं हाये," ते म्हणाले. "वासरू न्हाई. मान बग केवढी उभी. शिंगरू हाये, शिंगरू!"

मी ते पोराला समजावून सांगितले. नियम मोडून त्याने पिशवी फाडली. आतून एक लहानशी मुलगी निघाली आणि तिच्यासोबत एक घोड्याचे शिंगरू. त्या वर्षीच्या बाविसाव्या मालिकेत अशी एक जोडी होती. पोरगा त्या शिंगराकडे आणि अण्णांकडे आळीपाळीने पाहत राहिला.

"आजोबा, तू कसा कळला?" तो म्हणाला.

आजोबांना कुणी अरेतुरे करावे असे आमच्या घरात कधी घडलेले नव्हते. अण्णा खदखदून हसले.

मग बाकीच्या पिशव्या आल्या. एकीत मोठी चाके लागली. "गाडी म्हणावी तर बैल न्हाईत," म्हणून अण्णा अडले. फोडली तेव्हा निघाला चाकाच्या खुर्चीवर बसून शर्यत पळणारा खेळाडू. पायांनी अधू असून हा पळतो, पैजा मारतो, असे पोराच्या बापाने सांगितले. अण्णांनी ती खुर्ची तळहातावर घेऊन चाके पुष्कळ वेळ फिरवली. "पळतो म्हन की," एवढेच म्हणाले.

"अण्णा, पण ही लबाडी झाली," माझा चुलत भाऊ हसत म्हणाला. "काय निघेल ते निघू द्यायचं, अशी त्यात गंमत असते."

"लबाडी कामून? बैल घेताना दात बगत न्हाईत का?"

यावर भावाजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळही नाही. मी कादंबऱ्या लिहितो, आणि शेवटचे पान आधी वाचणारे वाचक मला भेटतात. त्यांना काय म्हणावे हे मला अजून ठरवता आलेले नाही. पैसे त्यांनी मोजलेले असतात.

ग्रहण सुटले, आंघोळी झाल्या, तरी ओसरीवरची बैठक मोडली नाही. अण्णांनी खांद्यावरचे उपरणे काढून पोराच्या हातावर टाकले आणि त्याला करपल्लवी शिकवायला घेतली. एक बोट, दोन बोटे, सगळा पंजा. तासाभरात पोरगा सौदे करू लागला. एका पिशवीचा भाव त्याने उपरण्याखाली तीनवर आणला, अण्णा सातावरून हलेनात, आणि दोघेही तोंडाने एक अक्षर बोलत नव्हते. इंग्लंडात त्याच्या बापाने त्याला दर शनिवारी मराठीच्या वर्गाला घातले होते. शिक्षकाने असे लिहू नये, पण त्या वर्गाने जे केले नसते ते त्या उपरण्याने केले. शेवटची पिशवी अण्णांनी चाचपली, ओळखली आणि तशीच परत दिली. "सांगत न्हाई," म्हणाले. पोराने पाय आपटले. "समदंच सांगितल्यावर मंग बाजार कशाचा?" त्या रात्री अण्णा सगळ्यांबरोबर पंगतीला बसले. ताटात कुठे काय आहे ते नातू त्यांचे बोट धरून दाखवीत होता, आणि कुणी काही बोलले नाही.

त्या दिवाळीत बैलबाजार भरतच नव्हता. लम्पीच्या साथीमुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद होते. पाहुणे गेले आणि अण्णा पुन्हा खांबाला टेकले. फोनवर नातवाचे तोंड दिसे, पण ते आम्हाला. अण्णांना नुसता आवाज.

2023 च्या दिवाळीत नातवाने फोनवर बातमी दिली : पिशव्या बंद झाल्या. सप्टेंबरपासून ती माणसे पुठ्ठ्याच्या पेट्यांतून येऊ लागली होती. प्लास्टिक कमी करायचे म्हणून कंपनीने हा बदल केला, आणि तो चांगलाच आहे. आमच्या गावच्या नाल्यातल्या पुड्या पाहिल्या की कुणालाही पटेल. पण पुठ्ठ्यातून बोटांना काय लागणार? आता पेटीवरच्या खुणेसमोर फोन धरला की आत कोण आहे ते फोन सांगतो, असे नातू म्हणाला. लबुबू नावाच्या दातऱ्या बाहुल्यांच्या ज्या बंद पेट्यांनी 2025 साली जगाला वेड लावले, त्याही लोक हलवून आणि तोलून पाहतात. चाचपण्याची सोय तिथेही नाही.

"फोनला काय बोटं असतात व्हय?" अण्णा म्हणाले आणि गप्प झाले.

दोन महिने गेले. संक्रांत झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी सकाळी ते आपण होऊन म्हणाले, "मला बाजारात ने. हाताला कायतरी लागू दे." हात त्यांनी मला धरू दिला नाही. माझ्या खांद्यावर आपला हात ठेवला आणि चालू लागले. बाजार कसला तो, दावणी निम्म्याच्या वर मोकळ्या होत्या. पण एक जुना हेडी धावत आला, दुसरा आला, कुणीतरी पाणी आणले. एका खिल्लार बैलाच्या पाठीवर अण्णांनी हात ठेवला. तो हात खाली पायापर्यंत गेला आणि खुराशी थांबला. "डाव्या खुराला दगड लागलाय ह्याच्या. पंधरा रोज व्हय का रं?" धन्याने मान खाली घातली. मग कुणाचा तरी रुमाल पडला आणि त्याखाली अण्णांचा हात गेला. मी पाहत होतो. रुमाल हलत होता, एवढेच मला कळले.

दलालीचे दोनशे रुपये मिळाले. परतताना वाटेत थांबून अण्णांनी नोटा चाचपून एकेक वेगळी केली आणि माझ्या खिशात कोंबली.

"लेकराला येक पुडी घिऊन ठिव," म्हणाले. "पेटी नको, पुडीच पाह्यजे."

पुड्या निघत होत्या तेव्हाही दोनशेत येत नव्हत्या, हे मी त्यांना सांगितले नाही.