गागोद्याजवळ ट्रकने एअर धरली



परवा आमच्या ट्रकने पेणहून येताना गागोदे बुद्रुकजवळ इंजिन तापलं, काटा लाल खुणेवर. हे विनोबांचं जन्मगाव (१८९५). आपल्याला ‘समणसुत्तं’ मिळालं ते त्यांच्याच प्रेरणेने.

गाडी थांबवून हे फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. मी हातच धरला. आत पाणी दाबाखाली असतं, शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की मात्र वाफेसकट तोंडावर येतं. तासभर थांबलो. माझा चोविहार, म्हणून सूर्य कलायच्या आत तिथेच डबा खाल्ला.

गळती कुठे दिसेना. आदल्या दिवशी होज बदलला होता, तेव्हाच एअर धरली असणार. इंजिन गार झाल्यावर ह्यांनी एअर काढायचा स्क्रू सैल केला, हीटर पूर्ण उघडला. मी कॅनमधलं माझं प्यायचं, गाळून उकळलेलं पाणी रेडिएटरमध्ये हळूहळू ओतत राहिले. आधी नुसती फसफस, मग बुडबुड्यांशिवाय सलग धार. लगेच स्क्रू आवळला. इंजिन चालू केल्यावर थोड्या वेळाने वरचा होज गरम लागला, म्हणजे पाणी फिरलं! काटा खाली आला.

स्क्रूखाली मी तेलाचा जुना डबा धरला होता. “दे ओतून इथेच,” हे म्हणाले. पण कूलंट गोड असतं, कुत्री चाटतात आणि जिवानिशी जातात. डबा झाकून मांडीवर घेतला. रात्रभर पाण्याविना काढली. डबा अजून गॅलरीत आहे, गॅरेजवाला उद्या नेतो म्हणालाय.