पुऱ्यांचा डबा घरी ठेवा, चिखलदऱ्याला मुक्काम करा

अमरावती-अकोल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, "चिखलदरा पाहिला का हो?" तर "दोन-तीनदा जाऊन आलो की!" असंच उत्तर मिळेल. मग हळूच विचारा, "आणि गाविलगडाचा दिल्ली दरवाजा?" तर बहुतेक जणी म्हणतील, "नाही बाई, तेवढा वेळच भेटला नाही."

वेळ का भेटला नाही, ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पहाटे तीनला उठून पुऱ्या तळायच्या, बटाट्याची भाजी करायची, मुलांसाठी वेगळा डबा, सासूबाईंसाठी बिनतिखटाचं काही. गाडीत बसेपर्यंतच अर्धा जीव गेलेला असतो. वर पोचल्यावर सतरंजी अंथरा, वाढा, उष्टी आवरा, माकडं हाकला. बाकीचे पॉइंट बघून येतात आणि "फार छान होतं" म्हणून आपल्याला सांगतात. संध्याकाळी घाट उतरायचा आणि घरी येऊन डबे घासायचे. सहल सगळ्यांची होते, आपली मात्र फक्त बदली होते. घरच्या ओट्यावरून डोंगरावरच्या सतरंजीवर!

म्हणून मैत्रिणींनो, माझं सांगणं एवढंच आहे. यंदा चिखलदऱ्याला सहल नेऊ नका, मुक्काम करा. एक रात्र, जमलं तर दोन. आणि त्यासाठी मोठं हॉटेल नको, साधं लॉज पुरे.

"पण खर्च?" हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. जरा हिशोब मांडून बघा. एका दिवसाच्या सहलीलासुद्धा गाडीभाडं लागतं, वरचा खाऊ लागतो. एस.टी.ने गेलं आणि साधी खोली घेतली, तर गाडीभाड्यातले वाचलेले पैसे खोलीच्या कामी येतात. श्रावणात शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि भावही चढलेले असतात. सोमवार ते गुरुवारच्या मधले दोन दिवस निवडा. त्याच खोलीचा भाव उतरतो आणि घासाघीसही करता येते.

जायचं कसं ते सांगते. अमरावतीकरांना परतवाडा जवळच. तिथून पुढे घाट चढला की साधारण तीस किलोमीटरवर चिखलदरा. अकोल्याच्या मैत्रिणींनी अकोट, अंजनगाव सुर्जी करत परतवाड्याला यावं. पूर्वी मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत आपली शकुंतला गाडी होती, तिच्या आठवणी काढाव्यात आणि एस.टी.त बसावं. परतवाड्याला उतरल्या उतरल्या वर जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ चौकशी खिडकीवर विचारून घ्या. घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी आवळासुपारी जवळ ठेवावी आणि पुढच्या बाकावर बसावं.

आता लॉजविषयी. दाराशी छान फलक आणि कुंड्या दिसल्या म्हणून भुलू नका. अशाच एका साध्या लॉजवरच्या मावशींनी मला अस्सल वऱ्हाडीत सांगितलं होतं, "आधी खोली पाह्यून घ्या बाई, मंग पैशाचं बोला." हा सल्ला मी गाठीशी बांधून ठेवलाय, तुम्हीही बांधा. खोलीत गेलं की पुढच्या गोष्टी बघायच्या, अगदी निःसंकोचपणे:

न्हाणीघराची आणि खोलीची, दोन्ही कड्या आतून नीट बसतात का? खिडकीची काच फुटलेली नाही ना? गजांतून माकडाचा हात आत येतो का? हसू नका, तिथली माकडं पर्स ओळखतात. पावसाळा असेल तर भिंतीला हात लावून ओल बघा, चादर उचलून गादीचा वास घ्या. गरम पाणी नळाला येतं की बादलीने मिळतं, आणि किती वाजेपर्यंत? भाव खोलीचा आहे की माणशी? जादा गादीचे वेगळे पैसे आहेत का? खोली सकाळी किती वाजता सोडायची? हे सगळं आधी विचारलं की नंतर तोंड वाजवावं लागत नाही.

बरोबर काय न्यायचं? आपल्या दोन चादरी, एक जुनी साडी किंवा दोरी कपडे वाळत घालायला, विजेरी, आपलं कुलूप, एक मेणबत्ती आणि काडेपेटी. वीज गेली तर कामी येते. सगळ्यांची ओळखपत्रं आठवणीने घ्या, त्याशिवाय खोली मिळत नाही. थोडे रोख पैसे ठेवा, कारण मोबाइलला सगळीकडे रेंज असेलच असं नाही. हिवाळ्यात जात असाल तर स्वेटर हवाच. साडेतीन हजार फुटांवरचं गाव आहे ते. आणि पावसाळ्यात? खाली सपाटीवर पडतो त्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस तिथे पडतो. तेव्हा छत्रीवर विसंबू नका, रेनकोट आणि घट्ट पट्ट्याची चप्पल घ्या.

काय न्यायचं नाही, तेही सांगते. स्टोव्ह न्यायचा नाही. पुऱ्या न्यायच्या नाहीत. फार तर चिवडा आणि लाडू. जेवण तिथल्या खानावळीत करायचं. पिठलं-भाकरी, वांग्याची भाजी, वरण-भात मिळतो. मीठ कमी असेल, तिखट जास्त असेल. असू द्या. वाढायला दुसरं कुणी असलं की साधं वरणसुद्धा किती गोड लागतं, याचा अनुभव आपण बायकांनी वर्षातून एकदा तरी घ्यायलाच हवा.

मुक्काम केला की पहिला फायदा म्हणजे सकाळ तुमची. पॉइंट बघणारी गर्दी खालून यायला दहा-अकरा वाजतात. त्याआधी चहा घेऊन गाविलगडाची वाट धरायची. गावापासून दोन-तीन किलोमीटर. धुकं असेल तर किल्ला आधी दिसतच नाही, एकदम समोर भिंत उभी राहते.

हा किल्ला मातीचा असताना गवळ्यांचा होता, म्हणून गाविलगड असं सांगतात. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५च्या सुमारास तो दगडात बांधला. पुढे वऱ्हाडची इमादशाही स्थापन करणाऱ्या फत्तेउल्ला इमादउल्मुल्काने १४८८ मध्ये त्याची डागडुजी केली. हा फत्तेउल्ला मूळचा विजयनगरकडच्या हिंदू घरातला, लहानपणी पकडून वऱ्हाडात आणलेला. दिल्ली दरवाज्यावर मान वर करून बघा. दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी हत्तींना पकडून बसलाय, शेजारी सिंह आहेत. विजयनगरचं हे चिन्ह वऱ्हाडातल्या सुलतानाच्या दरवाज्यावर आलं. सासरी नांदणाऱ्या बाईने माहेरची एखादी रांगोळी उंबऱ्यावर काढत राहावी, तसंच वाटतं मला ते! आत देवतलाव आणि खानतलाव आहेत, मशीद आहे, गवतात पडलेल्या तोफा आहेत. तळ्याच्या काठी मुलांना सांभाळा, शेवाळ असतं.

अकोल्याहून येणाऱ्यांना तर या किल्ल्याची गोष्ट रस्त्यावरच लागते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोटजवळच्या अडगावला इंग्रजांची लढाई झाली, आणि तिथून मागे हटलेली नागपूरकर भोसल्यांची फौज गाविलगडावर आली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा, तोच. त्याच्या दुसऱ्या तुकडीने डोंगरातल्या आडवाटांनी तोफा ओढत उत्तरेकडून मारा केला. बाहेरचा तट फुटला, पण आतला किल्ला खोल घळीपलीकडे. शेवटी शिड्या लावून काही शिपाई आतल्या तटावर चढले, त्यांनी दार उघडलं, आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता मेला. दोनच दिवसांनी रघूजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला, आणि शिंद्यांचा तह ३० डिसेंबरला झाला तो सुर्जी-अंजनगावला. तुमची एस.टी. जिथे चहाला थांबते, तेच हे अंजनगाव.

या गोष्टीतला एक भाग सहसा कुणी सांगत नाही. इंग्रजांनी लिहून ठेवलंय, की किल्ला पडतोय असं दिसल्यावर तिथल्या रजपूत सरदारांनी आपल्या बायका-मुलींना मारून टाकायची व्यवस्था केली होती. त्यातल्या थोड्या मेल्या, बाकीच्या अंगावर वार घेऊन जिवंत सापडल्या. बेनीसिंहाचं नाव आपल्यापर्यंत आलं, त्या बायकांची नावं आली नाहीत. पुढे त्यांचं काय झालं असेल? कुठे गेल्या असतील त्या जखमा घेऊन? तटावर उभं राहिलं की हा विचार मनात येतोच. गडबडीने वीस मिनिटांत किल्ला "उरकणाऱ्या" सहलीत तो येत नाही. त्यासाठी हातात डबा नसावा लागतो, आणि कुणी "चला, जेवायला वाढा" म्हणून हाक मारत नसावं लागतं.

परत आलं की कॉफी प्या. चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत, आणि महाराष्ट्रात अशी जागा विरळाच. कॉफीचं माहेर मात्र आफ्रिकेत, इथिओपियाच्या डोंगराळ मुलखात. तिथेही सुमारे सात हजार फुटांवर गोंदर नावाचं जुनं राजधानीचं शहर आहे. फासिलिदास राजाने १६३६ मध्ये ते वसवलं. त्याचे दगडी वाडे अजून उभे आहेत. तिथल्या घरांत कॉफी करण्याचं काम बायकांचंच. पाहुण्यांसमोर बसून हिरवे दाणे तव्यावर भाजायचे, कुटायचे, मातीच्या सुरईसारख्या भांड्यात उकळायचे. ती कॉफी एकदा नाही, तीनदा वाढतात. तिसऱ्या फेरीच्या नावाचा अर्थच आशीर्वाद. पण एक फरक आहे हं. करणारी बाईसुद्धा सगळ्यांबरोबर बसून पिते. आपल्याकडे चहा देणारीचा कप ओट्यावर गार होतो.

दुपारी आराम करा. खरंच झोपा. संध्याकाळी देवी पॉइंटला जा, कपारीतल्या देवीला नमस्कार करा. पंचबोल पॉइंटवर मुलांना ओरडू द्या, दऱ्या उलट उत्तर देतात. भीमकुंडाची आणि कीचकाची गोष्ट मुलांना सांगा. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा आणि त्याचा चिखलदरा, असं म्हणतात. मोथ्यासारख्या गवळ्यांच्या वस्तीतला खवा आणि रबडी जरूर चाखा. हिवाळ्यात गेलात तर त्याच भागातली स्ट्रॉबेरीही मिळेल.

रस्त्याच्या कडेला कोरकू बायका काही विकायला बसलेल्या दिसतील. मेळघाट हे मूळचं त्यांचं घर आहे, आपण तिथे पाहुणे. म्हणून दहा रुपयांसाठी त्यांच्याशी हुज्जत घालू नका. लॉजवाल्याशी घाला, तो ऐकून घेईल. आणि विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नका. आपल्या अंगणात येऊन कुणी असं केलं तर आपल्याला आवडेल का?

आता शेवटची अडचण. "घरी कोण ऐकणार?" सुरुवातीला नाही ऐकणार. सासूबाई म्हणतील, बाहेरचं चालत नाही. त्यांच्यासाठी दशम्या न्या. दोन दिवस टिकतात आणि आदल्या दिवशी सावकाश करता येतात. हे म्हणतील, एका दिवसात होतं की सगळं. तेव्हा त्यांना शांतपणे एवढंच विचारा, "माझंही होतं का?" या प्रश्नाला चटकन उत्तर देणारा नवरा मला अजून भेटलेला नाही.

तेव्हा कॅलेंडर काढा आणि शनिवार-रविवार सोडून दोन दिवसांवर खूण करा. मोठा डबा वरच्या फळीवर ठेवून द्या. आणि गंडभेरुंड बघून आलात की शेजारणीलाही सांगा, "एक दिवस नको गं, मुक्कामाला जा."