हार्ड डिस्क उडाल्यावर

यंत्रांच्या मरणाविषयीं आमच्या बारामतीच्या बाजारांत जी भाषा चालते ती ऐकण्यासारखी आहे. येथें पंप जळतो, मोटार बसते, टायर फुटतो. परंतु लॅपटॉपची हार्ड डिस्क मात्र ‘उडते’. जणूं पिंजऱ्याचें दार उघडें राहिलें आणि पांखरूं निघून गेलें! ती उडाल्यावर यंत्रांत पुन्हां प्राण घालावयाचा, त्या क्रियेस ‘विंडोज मारणें’ असें म्हणतात. मेलेल्याला उठविण्याच्या कृतीस ‘मारणें’ हें क्रियापद लावणारी आमची मराठी धन्य होय. खिळा मारतात, शिक्का मारतात, रंगाचा हात मारतात, त्याच मालिकेंत हेंही मारणें बसतें, हें आम्ही जाणतों. तरी पण दुकानाच्या फळीपलीकडून एखाद्या पोरसवदा कारागिरानें, “काका, डेटा पाहिजे का? नाहींतर डायरेक्ट विंडोज मारतों,” असा सवाल टाकला म्हणजे शब्दाचा पहिला अर्थच आधीं मनांत उभा राहातो.

हा सवाल वाटतो तितका साधा नाहीं. चहांत साखर घालूं का, असें विचारावें त्या सुरांत तो विचारला जातो, आणि उत्तरही तितक्याच त्वरेनें द्यावें लागतें. कारण मागें दोन गिऱ्हाइकें खोळंबलेलीं असतात. घरांतल्या दहा वर्षांपैकीं काय ठेवावयाचें आणि काय सोडावयाचें तें उभ्याउभ्या ठरवा, असा त्याचा खरा अर्थ. वडिलोपार्जित वाडा वांटून घेतांना भाऊ-भाऊ वर्षानुवर्षें कोर्टांत घालवितात. येथें मात्र मुलांचीं बारशीं, आजोबांची साठी, विम्याचे कागद, उंसाचीं बिलें, अर्धवट राहिलेला एखादा प्रबंध, या सर्वांचा निकाल दोन मिनिटांत लागतो. आम्हीं त्या दुकानांत अर्धा तास बसून पाहिलें. चार गिऱ्हाइकांपैकीं तिघांनीं ‘फोटो तेवढे काढा’ असें सांगितलें आणि चौथा म्हणाला, ‘कांहीं नको, सगळें फोनमध्यें आहे.’

आम्ही तेथें गेलों होतों तें आमच्या आत्येचें यंत्र घेऊन. आत्या इंदापुरास असते. तिचे यजमान मूळचे पळसदेवचे. म्हणजे जें पळसदेव आज पुणें-सोलापूर रस्त्याला लागून आहे तें नव्हे, तर जें भीमेच्या कांठीं होतें आणि उजनीच्या पोटांत गेलें तें. हें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या फुगवट्याखालीं नदीकांठचीं पुष्कळ गांवें गेलीं, घरें उठलीं आणि माणसें वर येऊन नव्या जागीं वसलीं. यजमान पुढें शिक्षक झाले, आणि निवृत्त झाल्यावर मुलानें आणून दिलेल्या लॅपटॉपवर त्यांनीं एकच काम हातीं घेतलें: जुन्या गांवांतील घरांची मोजदाद. कोणत्या आळींत कोणाचें घर, दार कोणत्या दिशेस, अंगणांत झाड कोणतें, आणि तें बिऱ्हाड उठून कोठें गेलें. छापण्याचें त्यांच्या मनांत नव्हतें. विचारलें तर ‘विसरूं नये एवढ्यासाठीं’ म्हणत. दोन वर्षांपूर्वीं ते वारले. तेव्हांपासून तें यंत्र कपाटांत होतें. यंदा आत्येला तीं पानें पाहावींशीं वाटलीं, म्हणून यंत्र लावलें, तों आंतून लंबकासारखी टक् टक् ऐकूं येऊं लागली आणि पडदा काळाचा काळाच राहिला. आत्येनें आमच्या हातीं पिशवी देतांना एवढेंच सांगितलें, “अरे, यंत्र गेलें तर जाऊं दे. त्यांनीं लिहिलेलें तेवढें आण.”

ही टक् टक् कशाची, तें त्या कारागिरानें एक निकामी डिस्क उघडून आम्हांला दाखविलें. आंत आरशासारखी लखलखीत तबकडी असते. आत्येच्या यंत्रांतली तबकडी मिनिटास ५,४०० फेरे घेणारी. हिशेब केला तर तिच्या कडेचा वेग ताशीं पासष्ट किलोमीटरांच्या घरांत जातो. म्हणजे सणसर, अंथुर्णें, निमगांव केतकी करीत इंदापुरास पोहोंचणाऱ्या आमच्या एस्. टी.हून ती खास अधिक धांवते. तिच्यावरचें वाचणारी सुई ग्रामोफोनच्या सुईप्रमाणें तबकडीला टेकत नाहीं. केसाच्या जाडीच्या दहा हजारांव्या भागाहूनही कमी अंतर राखून ती हवेवर तरंगते. १९५६ सालीं आय्. बी. एम्. कंपनीनें या जातीचें पहिलें यंत्र बाहेर काढलें तेव्हां त्यांत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि सगळ्यांवर मिळून पन्नास लक्ष अक्षरें मावत. आत्येची तळहाताएवढी डिस्क त्याच्या लाखपट सांठवते. सुईला आपली वाट सांपडेनाशी झाली म्हणजे ती बिचारी मुक्कामावर परत जाते आणि पुन्हां निघते, पुन्हां परत जाते. तीच ती टक् टक्.

कारागीर वयानें लहान, पण कामांत मुरलेला होता. त्यानें ती डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली आणि एक कार्यक्रम लावून दिला. त्याची रीत आम्हांला फार आवडली. जेथें वाचतां येतें तेवढें तो आधीं झटझट उतरून घेतो, अडलें तेथें हुज्जत न घालतां पुढें जातो, आणि सगळें सोपें संपल्यावर अवघड जागांकडे परत फिरतो. हुशार विद्यार्थी प्रश्नपत्रिका सोडवितो तशी ही तऱ्हा. कारण मरणोन्मुख डिस्कला पहिल्याच अडचणीपाशीं खिळवून ठेवलें तर पुढचें कधींच हातीं लागत नाहीं. सारी रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार या कामांत गेली.

मधल्या वेळांत आम्हीं त्याला विचारलें कीं, ‘फॉरमॅट मारला’ म्हणजे लिहिलेलें खरोखरच जातें काय? तो म्हणाला, “लगेच नाहीं जात, काका. यादी जाते.” म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडावी आणि पुस्तक कोरें झालें असें जाहीर करावें, त्यांतलाच प्रकार. वर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत खालचा मजकूर जागच्या जागीं असतो. आम्हांला पळसदेवच आठवलें. ज्या उन्हाळ्यांत उजनीचें पाणी फार ओसरतें, त्या उन्हाळ्यांत पळसनाथाचें जुनें देऊळ उघडें पडतें आणि लोक वाट काढीत दर्शनाला जातात. मात्र हा दिलासा जुन्या तबकडीपुरताच. नव्या धर्तीच्या डिस्कला, जिला एस्. एस्. डी. म्हणतात, हलणारा अवयव नसतो. वेगांत जुनीला तिची सर येणार नाहीं. परंतु तिच्यावरून पुसलेलें ती फावल्या वेळीं स्वतःच झाडून टाकते. या डिस्कला उन्हाळा नाहीं.

नवी डिस्क बसविणें हें चार स्क्रूंचें काम. खरा पेंच पुढें पडला. मूळचें विंडोज ७ केव्हांच कालबाह्य झालेलें. विंडोज १० ची नेहमींची देखभाल कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली; आणि विंडोज ११ या वयाच्या यंत्राला दारांत उभें करीत नाहीं. कोठें तरी दूर बसून कोणीं तरी तारीख ठरवावी आणि येथें इंदापुरांतलें धडधाकट यंत्र त्या दिवसापासून म्हातारें गणलें जावें, हा न्याय आम्हांस रुचत नाहीं. म्हणून १९९१ सालीं फिनलंडांतल्या एका विद्यार्थ्यानें आरंभिलेल्या आणि आज जगभर फुकट मिळणाऱ्या लिनक्सचा आश्रय केला. कारागिरानें उबुंटु ‘मारलें’. जें यंत्र पूर्वीं चहा होईपर्यंत जागें होत नसे तें अर्ध्या मिनिटांत उठून बसलें.

मग त्यानें यजमानांची फाईल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती रास पडली. ‘मराठी’ हा शब्द हवा तेथें ई, जे, के, बी, एच् हीं अक्षरें ओळीनें उभीं! “काका, करप्ट झालीय. डिलीट करूं?” असें कारागिरानें विचारलें. आमच्याच गांवांत मोरोपंतांनीं ओठांनीं उच्चारावयाचीं अक्षरें सोडून एक अखंड रामायण रचलें, त्याचें कौतुक आम्ही अजून करतों. या यंत्रानें तर एकूणएक मराठी अक्षरें वगळलीं होतीं. आम्हीं फाईल तशीच राहूं द्या म्हणून सांगितलें आणि इंदापूरची गाडी धरली.

आत्येनें पडद्याकडे पाहिलें आणि बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, “तहसील कचेरीसमोर टायपिंगवाल्या बाई आहेत. ह्यांना त्यांनींच शिकवलं होतं.” त्या बाईंचें टेबल रस्त्याकडेला, छत्रीखालीं. आम्हीं यंत्र त्यांच्यापुढें ठेवलें. त्यांनीं चष्मा वर सारला, बोटें टेबलाच्या कडेवर क्षणभर नाचविलीं, आणि त्या इंग्रजी राशींतून सरळ वाचावयास लागल्या: “उत्तरेची आळी. घर सातवें. दार पूर्वेस. अंगणांत कडुलिंब.”

हा चमत्कार नव्हे. मजकूर ‘कृतिदेव’ फॉन्टांत लिहिलेला होता. या जातीच्या फॉन्टांत यंत्र मनांत इंग्रजी अक्षरच धरून ठेवतें आणि पडद्यावर त्याला मराठीचा मुखवटा चढवितें. ‘ई’च्या कळीवर म, ‘जे’च्या कळीवर र, ही कळांची मांडणी जुन्या रेमिंग्टन टंकलेखन यंत्राची. बाईंचीं बोटें त्या यंत्रावरच घडलेलीं. मुखवटा गळून पडला तरी खालचा चेहरा त्यांना ओळखूं आला. आंतून-बाहेरून मराठीच राहील अशी युनिकोडची सोय १९९१ पासून आहे. पण ती आमच्या घराघरांत पोहोंचावयास पुष्कळ वर्षें लागलीं. मधल्या काळांतले पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांचीं पानें, असें केवढें तरी मराठी या मुखवट्यांवर विसंबून आहे. दुकानांत दोनच गोष्टी विचारतात, डेटा आणि विंडोज. फॉन्ट हा डेटाही नव्हे आणि विंडोजही नव्हे. त्याचा कोणी वाली नाहीं. डेटा म्हणून तो कोणी उतरून घेत नाहीं, आणि नव्या प्रणालीबरोबर तो येत नाहीं. तो गेल्यावर मागें उरलेल्याला लोक ‘करप्ट’ म्हणतात आणि आपल्या हातानें पुसून टाकतात. किती घरांत हें झालें असेल याचा विचार करवत नाहीं.

बाईंनीं आपल्या यंत्रांतून तो फॉन्ट काढून आमच्या यंत्रांत घातला. पांच मिनिटेंही लागलीं नाहींत. सारें गांव पडद्यावर उभें राहिलें. मात्र दोन ठिकाणीं खिंडारें होतीं. डिस्कवरच्या दोन जागा शेवटपर्यंत वाचल्या गेल्या नव्हत्या. एकेका जागेंत चार हजारांवर कळा मावतात. तेव्हां दक्षिणेकडच्या आळींतलीं कांहीं घरें नाहींशीं झालीं होतीं.

आत्या लग्न होऊन त्याच आळींत आली होती. दुसऱ्या दिवशीं ती टेबलापाशीं खुर्ची घेऊन बसली आणि एकेक घर सांगूं लागली; बाई टाईप करीत गेल्या, त्याच जुन्या फॉन्टांत. सहा घरें भरलीं. सातव्याच्या धन्याचें नांव कांहीं केल्या तिला आठवेना. दारांत एक डोळा पांढरा असलेली म्हैस बांधलेली असे, एवढें मात्र आठवलें. बाईंनीं विचारलें, “मग काय घालूं, आजी?”

“म्हैस घाला,” आत्या म्हणाली. “गांवातलं कुणीही ओळखंल.”