छत्र आणि उटी

सिकंदराबादेस समुद्र नाही. हुसेनसागरास सागर म्हणण्याची येथे रीत आहे खरी. पण तो तलाव आहे, आणि त्याच्या बांधावर कितीही वेळ बसले तरी भरतीचा आवाज काही कानी पडत नाही. ज्यांच्या घराण्यांची मुळे गोव्यात वा कोकणात आहेत अशा आम्हां मंडळींना ही उणीव विशेष जाणवते. मे महिन्यात न्यायालयास सुट्टी लागली आणि मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की घरोघर समुद्राच्या गोष्टी निघू लागतात. कोणी कुलदेवतेच्या दर्शनास फोंड्याकडे जातात आणि परतताना एखादा दिवस किनाऱ्यावर काढतात. ज्यांना इतकी सवड नसते ते रात्रीच्या गाडीत बसून सकाळी विशाखापट्टणास उतरतात. सिंहाचलमच्या नरसिंहापुढे माथा टेकवतात आणि ऋषिकोंड्याच्या वाळूत मुलांना मोकळे सोडतात.

या प्रवासाचे सामान मात्र अलीकडे पालटले आहे. पूर्वी पिशवीत खोबरेल तेलाची बाटली, टाचांना चोळण्यासाठी भिरंडेलाचा गोळा, दोन पंचे आणि पिण्याच्या पाण्यात सोडावयास वाळ्याची एक जुडी एवढे असे. आता त्यांच्या जोडीला तपकिरी काचेच्या, बोटभर उंचीच्या कुप्यांची एक पेटी असते. लव्हेंडर, पेपरमिंट, गवती चहा, सिट्रोनेला, लिंबू, बर्गामोट अशी नावे त्यांवर असतात, आणि बहुतेकींवर ‘शुद्ध’ व ‘नैसर्गिक’ ही दोन विशेषणेही असतात. उन्हाची काहिली, डास, थकवा, त्वचेचा दाह या सर्वांवर त्यांत उपाय आहे, अशी घेणाऱ्यांची समजूत असते.

सुगंधाशी माझे वैर नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो. चारमिनाराच्या परिसरातील अत्तराच्या दुकानांपुढून जाताना माझे पाय आपोआप मंदावतात. वैशाखातल्या दुपारी खसाच्या अत्तराचा एक बोळा कानात असला, तर पुढ्यातील रुक्ष कैफियतही सुसह्य होते. माझे म्हणणे एवढेच, की या कुप्यांकडून आपण कोणत्या कामाची अपेक्षा करतो ते नीट ठरवावे. गेल्या काही वर्षांत आमच्या घरी घडलेल्या एका प्रसंगाने मला हा विचार करावयास लावले.

माझी भाची आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन मे महिन्याच्या अखेरीस विशाखापट्टणास गेली होती. पन्नाशी गाठण्यापूर्वीच मला मामाआजोबा करून सोडणारा हा गृहस्थ पाण्याचा मोठा शौकीन. आईने घरून खोबरेल तेलात चार थेंब बर्गामोट मिसळून नेले होते; वास उडाला तेव्हा तिने कुपीतले तेल थेट बोटांवर घेतले. तेवढ्यात लाट आली, पोर गडबडले आणि तिने त्याचा खांदा घट्ट धरून त्याला वर ओढले. प्रसंग एवढाच. मूल हसले, आई हसली, आणि तास दीड तास ऊन खाऊन सर्व मंडळी परतली.

दोन दिवसांनी मुलाच्या खांद्यावर लाल वळ उठले. आठवड्याभरात लाली गेली आणि तेथे गडद तपकिरी डाग राहिले: मागच्या बाजूस चार बोटे, पुढे एक अंगठा. जूनमध्ये शाळा उघडली. खेळाच्या तासाला सदरा सरकला, आणि वर्गाच्या बाईंनी ते पाहिले. त्यांनी मुलाला बाजूस घेऊन विचारले, “बाळ, तुला कुणी मारलं?” मुलाने निरागसपणे सांगितले, “आईनं धरलं होतं.”

त्या सायंकाळी भाचीचा फोन आला. “मामा, शाळेनं उद्या बोलावलंय. मी त्याच्यावर कधी हातसुद्धा उगारला नाही. आता मी काय सांगू?” तिचा आवाज थरथरत होता. मुलास क्रूरपणे वागविल्याबद्दल बालन्याय कायदा, २०१५ च्या ७५ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मला ठाऊक होते. ते मी तिला त्या वेळी सांगितले नाही. शाळेचा दोषही मला दिसत नव्हता. मुलाच्या अंगावर पाच बोटांचा ठसा पाहून जी शिक्षिका गप्प बसेल, तिच्या हाती मी माझे मूल देणार नाही.

उलगडा केला तो त्वचारोगाच्या एका डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी डाग पाहिले, दाबून पाहिले, आणि पहिलाच प्रश्न विचारला: “समुद्रावर गेला होतात का? हाताला लिंबू किंवा कसलं तेल लागलं होतं?” मुका मार लागला असता तर तो निळा, हिरवा, पिवळा असे रंग पालटीत दोन आठवड्यांत विरला असता, हे डाग एकाच रंगाचे होते आणि काठ स्पष्ट होते. त्यांनी लेखी अभिप्राय दिला, शाळेने तो मानला, आणि प्रकरण तेथेच मिटले. डाग पुरते जाण्यास मात्र दिवाळी उजाडली. असे डाग मारहाणीचे समजले गेल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात अनेक आहेत, हे मला त्यानंतर वाचनात आढळले.

यामागील कारण जाणून घेण्याजोगे आहे. बर्गामोट हे मुख्यतः इटलीच्या कॅलाब्रिया प्रांतात पिकणारे लिंबाच्या जातीचे फळ. त्याची साल पिळून जे तेल निघते त्यात बर्गाप्टेन नावाचे द्रव्य असते. सावलीत ते निरुपद्रवी राहते. परंतु त्वचेवर असताना सूर्याचे अतिनील किरण पडले, की ते पेशींना इजा करते. त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळसर डाग राहतो. १९१६ साली फ्रॉइंड या वैद्याने कोलोन पाणी लावलेल्या रुग्णांच्या अंगावरील अशा डागांची नोंद केली. गळ्यावरून ओघळलेल्या थेंबांचे डाग लोलकासारखे दिसतात, म्हणून १९२५ मध्ये रोझेंथाल यांनी त्यांना लोलकाचेच नाव दिले. आज सुगंध-व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, अंगावर राहू द्यावयाच्या आणि उन्हात जाणाऱ्या पदार्थात हे तेल शेकडा ०.४ भागांहून अधिक घालावयाचे नाही. हिरव्या लिंबाच्या सालीच्या पिळलेल्या तेलातही हाच गुण आहे, आणि खुद्द लिंबाच्या रसातही आहे. ऊर्ध्वपातनाने गाळलेल्या लिंबूतेलात तो जवळजवळ उतरत नाही. कारण ही द्रव्ये वाफेबरोबर वर चढत नाहीत. म्हणजे एकाच फळाची दोन तेले, एक उन्हात घातक व दुसरे नव्हे. आणि दोन्हींवर ‘नैसर्गिक’ हाच शब्द.

हे ज्ञान आपल्याकडे नवे आहे असेही नाही. कोडावर बावचीचे तेल लावून रुग्णास उन्हात बसविण्याची चिकित्सा आयुर्वेदास पूर्वापार ठाऊक आहे. बावचीच्या बियांतील सोरालेन हे द्रव्य बर्गाप्टेनचेच सगोत्र. वैद्य ते जाणून, मोजून आणि ठरलेल्या जागी वापरीत. वनस्पती नैसर्गिक आहे म्हणून ती निरुपद्रवी आहे, असे त्यांनी कधी मानले नाही. जिच्यात व्याधी हटविण्याचे बळ आहे तिच्यात व्याधी निर्माण करण्याचेही असणार, हे ते जाणून होते. आमच्या व्यवसायात आरोपीच्या चांगल्या चारित्र्याचा दाखला पुढे येतो, तेव्हा त्याने गुन्हा केला नाही हे त्यावरून सिद्ध होत नाही. ‘नैसर्गिक’ हा शब्दही तसाच दाखला आहे.

‘शुद्ध’ या शब्दाची कथा आणखी मौजेची आहे. खानदेश-निमाडच्या रानात उगवणाऱ्या रोशा गवताचे तेल एके काळी मुंबई बंदरातून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत जाई, आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळले जाई. घेणारा गुलाबाचे दाम मोजी आणि गवताचा वास घेई. अत्तराचा पाया म्हणून पूर्वी चंदनतेल असे. ते महागल्यापासून कित्येक ठिकाणी द्रव पॅराफिन आले आहे. तेव्हा कुपीवरील शब्द हे विक्रेत्याचे निवेदन समजावे. तो पुरावा नव्हे.

बाकीच्या कुप्यांचीही थोडी उलटतपासणी करू. पेपरमिंट अंगास लावताच गार वाटते. कारण त्यातील मेंथॉल थंडीची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना चाळविते. शरीराचा ताप त्याने उतरत नाही. उन्हाने अंग तापलेले असताना ते गार भासणे हा दिलासा नसून दिशाभूल आहे, कारण माणूस सावलीत जाण्याचे लांबवितो. निलगिरी आणि कापूर यांचे तेल लहान मुलाच्या पोटात गेले तर झटके येऊ शकतात. पेपरमिंट तान्ह्याच्या नाकाशी नेऊ नये. सिट्रोनेला डासांना दूर ठेवते हे खरे, पण थोडाच वेळ. खोबरेल तेलाने खारे पाणी व वारा यांनी कोरडी पडलेली त्वचा मऊ होते. ऊन अडविण्याचे त्याचे सामर्थ्य अगदी तोकडे आहे.

मग उन्हापासून राखणारे काय? याचे उत्तर आपल्या देवळांतच आहे, आणि ते आपण रोज पाहतो. पंढरपुरास चैत्रापासून मृगापर्यंत विठ्ठलास चंदनाची उटी लावतात. सिंहाचलमचा वराह-नरसिंह तर वर्षभर चंदनाच्या लेपात झाकलेला असतो. वैशाख शुद्ध तृतीयेस तो लेप उतरवून एका दिवसापुरते निजरूप दर्शन देतात आणि मग पुन्हा चार टप्प्यांनी लेप चढवितात, त्यांतला पहिला त्याच तृतीयेचा. ही उटी तेलाची नव्हे. चंदन पाण्यात उगाळलेले असते; त्या पाण्याची वाफ होताना गारवा मिळतो, आणि चंदनाचा वास जड असल्याने हळूहळू दरवळत राहतो. मुख्य म्हणजे ती उटी गाभाऱ्यात लावतात, जेथे सूर्याचा किरण पोहोचत नाही. तोच देव उत्सवमूर्तीच्या रूपाने पालखीत बसून बाहेर निघाला, की त्याच्या मस्तकावर प्रथम छत्र धरतात. गंध हा षोडशोपचारांतला एक उपचार, छत्र हा राजोपचारांतला. दोघांची कामे निराळी. अंगास उटी आहे म्हणून उन्हात छत्र नको, असे कोणत्याही पुजाऱ्याने आजवर म्हटलेले नाही. आपण मात्र समुद्रावर नेमके तेच करतो.

छत्राचा अर्थ आज थोडा विस्तारून घ्यावा. पूर्वकिनाऱ्यावर सूर्य समुद्रातूनच उगवतो. गोव्याच्या किनाऱ्यावर सकाळी नारळींची सावली वाळूवर पडते. येथे पहिल्या घटकेपासून किरण समोरून येतात. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परतवितो, म्हणजे छत्रीखालीही ऊन काही अंशी खालून पोहोचतेच. म्हणून मुलांनी उजाडताच पाण्यात उतरावे आणि नऊच्या आत परतावे; पुन्हा जावयाचे तर चार वाजल्यानंतर. अंगात पुऱ्या बाह्यांचा सदरा, डोक्यावर रुंद कडेची टोपी असावी. उघड्या अंगास किमान ३० अंकाचे ऊन-रोधक मलम लावावे, आणि दर दोन तासांनी व पाण्यातून आल्यावर पुन्हा लावावे. सहा महिन्यांच्या आतील मुलास मलमावर न विसंबता सावलीतच ठेवावे. किनाऱ्यावर लिंबू चोळलेले कणीस खाल्ले, तर साबणाने हात धुऊनच मुलाला उचलावे.

आणि कुप्या? त्यांनाही त्यांचा समय आहे. सूर्य मावळला, मीठ धुऊन अंघोळ झाली, म्हणजे चमचाभर खोबरेल तेलात लव्हेंडरचा अथवा वाळ्याचा एक थेंब टाकावा. हे प्रमाण शेकडा एक पडते आणि मोठ्या माणसांस पुरेसे आहे. प्रथम मनगटावर लावून एक दिवस पाहावे. पेटी तापलेल्या मोटारीत ठेवू नये, कारण उष्णतेने व हवेने ही तेले बिघडतात आणि बिघडलेली तेले अंगावर पुरळ आणतात.

माझी भाची पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा विशाखापट्टणास गेली. जाण्यापूर्वी तिने पेटी माझ्यापुढे ठेवून विचारले, “मामा, यातलं काय नेऊ?” मी वाळ्याची कुपी वेगळी काढली आणि म्हटले, “ही ने, पण रात्रीसाठी. दिवसा मुलाच्या डोक्यावर छत्री धर.” तिने दोन्ही गोष्टी केल्या. त्या वर्षी शाळा उघडल्यावर बाईंनी मुलाला विचारले ते इतकेच, की समुद्र कसा होता.