दोन पॉइंट सतराचा ताठा

३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चा कारभार आटोपला. पाठोपाठ त्याच्या मिररची यादी देणारा पत्ताही बंद पडला आणि माझे लिनक्सचे सगळे बिल्ड ओळीनं फुटले. पत्ता जुन्या आवृत्त्या साठवणाऱ्या व्हॉल्टकडे वळवला, काम भागलं. पण मेलेल्या सिस्टिमवर आपण किती दिवस बांधत राहणार, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

मादन हिप्परग्यात बसून मी पायथनची व्हील्स, म्हणजे तयार पॅकेजं, बांधतो. टॅग ढकलला की कुठल्या तरी दूरच्या यंत्रांवर कामं सुरू होतात. इथली वीज गेली तरी त्यांचं अडत नाही. विंडोजबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. मॅक ॲपलच्याच यंत्रावर बांधला की तोही नीट वागतो. अडेल तो लिनक्स, आणि लिनक्समध्येही जीलिबसी ही त्याची मूळ सी लायब्ररी.

बाकीच्या लायब्ऱ्या ऑडिटव्हील हे साधन व्हीलमध्येच भरून देतं. पण शिदोरी बांधून नेली तरी पाणी ज्या गावी जाल तिथलंच प्यावं लागतं. जीलिबसी हे ते पाणी. म्हणून जुन्यावर बांधायचं, म्हणजे नव्यावर चालतं. उलटं चालत नाही.

याचं चांगलं उदाहरण मला मेमरीतला मजकूर नकलणाऱ्या मेमकॉपी या फंक्शनच्या प्रकरणात दिसतं. २०१० मध्ये फेडोरा १४ वर फ्लॅशचा आवाज खरखरायला लागला. जीलिबसीनं मेमकॉपीची चाल बदलली होती आणि फ्लॅश एकमेकांवर चढलेल्या जागांमध्येही तीच वापरत होता. नियमानं चूक फ्लॅशची. तरी २०११ च्या २.१४ मध्ये मेमकॉपीच्या दोन आवृत्त्या केल्या गेल्या: जुन्या बायनरीला जुनी, नव्यानं बांधलेल्याला नवी. जुन्यांची सोय झाली. आमच्या मागे मात्र ऑब्जडम्प घेऊन बायनरी कोणत्या आवृत्तीची चिन्हं मागते, ते आकडे वाचत बसणं लागलं.

सेंटओएस ७ चं जीलिबसी २.१७. पुढचा टप्पा अल्मालिनक्स ८, म्हणजे २.२८. आणि उबुंटू १८.०४ वर आहे २.२७! एका आकड्यानं तो बाहेर. आमच्या व्हीलमध्ये २.२८ मागणारं चिन्ह एकच निघालं, एफसीएनटीएल६४. आत भरलेलं एसक्यूलाइट मोठ्या फायलींसाठीचा पर्याय लावून बांधलं जातं, म्हणून ते येतं. एवढ्याशा चिन्हासाठी अख्खी सिस्टिम वाऱ्यावर सोडायची, हे मला पटत नाही.

गो भाषेतले लोक यावर हसतात. स्टॅटिक बायनरी बांधा आणि झोपा, म्हणतात. त्यांना ते शोभतं. पायथनचं एक्स्टेन्शन दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये जाऊन बसतं; तिथं आपलं वेगळं जीलिबसी घेऊन शिरता येत नाही. कंटेनरवाल्यांशी तर मी वादच घालत नाही. नव्या पिढीला चाचण्या पार झाल्याच्या फक्त हिरव्या खुणा दिसतात; हिरवी खूण कोणत्या जीलिबसीवर मिळाली, हे कोणी विचारत नाही.

आळंदची एक मुलगी माझ्याकडे हे काम शिकते. एकदा म्हणाली, "काका, ह्ये मेलेलं सेंटओएस कशाला जपायलाव?" आणि तिनं झिग भाषेचा कंपायलर लावून दाखवला. टार्गेटच्या नावापुढे २.१७ लिहायचं, बस. जीलिबसीच्या कोणत्या आवृत्तीत कोणती चिन्हं होती, याची यादी झिगजवळच असते. जुनी सिस्टिम लागतच नाही.

मी तिच्या व्हीलमध्ये खोट शोधत बसलो. ऑब्जडम्प केलं, सेंटओएस ७ च्या इमेजवर सगळ्या चाचण्या चालवल्या, उबुंटू १८.०४ वरही. सगळ्या पार. मग वेग मोजला, निदान तिथं तरी काही सापडेल म्हणून. फरक नव्हता.

तरी प्रसिद्ध होतात ती माझीच व्हील्स. कुणी विचारलं तर मी 'खात्री'चं कारण देतो. खरं कारण हे की जुन्या यंत्रांवर चालणारं व्हील बांधणारा माणूस म्हणून या कामातले चार जण मला ओळखतात, आणि ती ओळख तिनं कमांडच्या एका ओळीत बसवली. जुनी यंत्रं वापरणाऱ्यांचा कळवळा मला आहे, नाही असं नाही. पण त्या कळवळ्यात माझा ताठा किती मिसळलाय, ते ऑब्जडम्पमध्ये दिसत नाही म्हणून बरं.

पुढच्या आवृत्तीचा टॅग तिनंच ढकलायचा, असं ठरलंय. कंपायलर कोणता, ते मी अजून सांगितलेलं नाही.