औंढ्याच्या निवांत वाटा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे आठवे ज्योतिर्लिंग मानले जाते. तेथे जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहाटे निघावे, रांगेत उभे राहावे, गर्भगृहात उतरून दर्शन घ्यावे, प्रसाद घेऊन परतीच्या वाटेला लागावे. पण गाडीत पंच्याहत्तर वर्षांच्या आई किंवा गुडघेदुखीने जेरीस आलेले वडील असतील, तर हा कार्यक्रम मुळापासून बदलावा लागतो. औंढ्याला गर्दीपलीकडचेही रूप आहे. वृद्धांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ते अवश्य पाहावे.

प्रथम मंदिराविषयी. हे यादवकालीन, हेमाडपंती धाटणीचे देवालय. खालचा कोरीव पाषाणभाग जुना, वरचे बांधकाम नंतरचे. शिवलिंग मात्र सभामंडपाच्या पातळीवर नाही. अरुंद वाटेने, उंच पायऱ्या उतरून तळघरासारख्या गर्भगृहात जावे लागते. आत जागा थोडी, उंची बेताची, आणि गर्दीच्या दिवशी हवा कोंदट. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो. वाकून किंवा बसून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते. दमा, हृदयविकार किंवा तोल जाण्याची तक्रार असलेल्यांनी खाली उतरण्याचा निर्णय घरूनच, डॉक्टरांच्या सल्ल्याने करून यावा. पायऱ्यांच्या तोंडाशी, मागच्या माणसांच्या रेट्यात तो करण्याची वेळ येऊ देऊ नये.

येथे खरी अडचण शरीराची नसते, मनाची असते. ‘एवढ्या लांब येऊन पिंडीला हात लागला नाही’ ही रुखरुख वृद्धांना औषधाच्या गोळीहून कडू वाटते. तिचे उत्तर औंढ्याच्याच परंपरेत आहे. संत नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर येथेच भेटले, असे सांगतात. वृद्ध विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हरकत घेतली, तेव्हा ते म्हणाले की मी थकलो आहे, माझे पाय हलत नाहीत. जेथे देव नाही अशी जागा शोधून तूच ते तेथे ठेव. नामदेवांना तशी जागा सापडली नाही. ज्या क्षेत्राने ही कथा जपली, तेथे दोन पायऱ्या अलीकडे थांबलेल्या माणसाचे दर्शन अपुरे कसे ठरेल? कळसाचे दर्शन घेऊन समाधान मानण्याची रीतही आपल्याकडे जुनीच आहे.

खाली न उतरणाऱ्यांनी देवळाला सावकाश प्रदक्षिणा घालावी. रांगेतील माणसाला जे दिसत नाही ते येथे दिसते. बाह्य भिंतींवर देवदेवता आणि पशूंची शिल्पे आहेत. एकेका थरापाशी थांबून पाहू लागले की वेळेचे भान राहत नाही. नंदी मात्र देवळाच्या मागील बाजूस आहे. नामदेवांना समोर कीर्तन करू दिले नाही म्हणून ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी त्यामागची आख्यायिका. नातवंडे सोबत असतील तर ही कथा आजी-आजोबांनीच सांगावी.

आता गावाबाहेरच्या वाटा. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरण याच तालुक्यात आहे. हिवाळ्यात सकाळच्या कोवळ्या उन्हात जलाशयाकडे पाहत अर्धा तास बसणे, एवढाच तेथला कार्यक्रम असावा. तालुक्यातीलच शिरड शहापूर येथे भगवान मल्लिनाथांचे दिगंबर जैन मंदिर आहे. हिंगोलीच्या पश्चिमेस, कयाधू नदीकाठी नर्सी आहे. परंपरा नामदेवांचे जन्मस्थान म्हणून या गावाचे नाव घेते. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची पदे असल्यामुळे शीख भाविकांनाही हे गाव जवळचे वाटते. वसमतकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये गेल्यास शेताशेतांतून हळद शिजत असलेली दिसते आणि तिचा वास गाडीपर्यंत येतो. मात्र एका दिवसात एकच ठिकाण, हा नियम मोडू नये.

या भूमीच्या शांततेला विज्ञानानेही दाद दिली आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा औंढा तालुक्यात उभारली जात आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. अणूहूनही कितीतरी सूक्ष्म हालचाल टिपणाऱ्या या यंत्राला जमिनीचा थरकाप अत्यल्प असलेली जागा लागते, म्हणून हा परिसर निवडला गेला. थकल्या जिवालाही असाच निवांतपणा हवा असतो.

सोबत्यांसाठी काही गोष्टी. महाशिवरात्र, श्रावणी सोमवार आणि सुट्ट्यांचे दिवस टाळावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेमधील मराठवाड्याचे ऊन वृद्धांना सोसणारे नाही. मधुमेहींनी दर्शनासाठी उपाशी राहू नये. गोळी किंवा इन्शुलिन घेऊन पोट रिकामे ठेवल्यास साखर धोकादायकरीत्या खाली येते. खिशात खडीसाखर असू द्यावी. पायांना बधिरपणा असेल तर तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही आणि फोड येतो. म्हणून दर्शन सकाळी लवकर घ्यावे, चालत असेल तेथे सुती मोजे घालावेत आणि मुक्कामी परतल्यावर तळपाय उजेडात तपासावेत. काठी, पाण्याची बाटली, घडीची खुर्ची आणि औषधांची यादी जवळ हवी. मुक्काम शक्यतो हिंगोली, परभणी किंवा नांदेडला करावा, म्हणजे गरज पडल्यास वैद्यकीय मदत जवळ असते.

आणखी एक विनंती. ‘तुम्हाला जमणार नाही, तुम्ही गाडीतच बसा’ असे परस्पर ठरवून टाकू नये. आदल्या रात्री आई-वडिलांना शांतपणे विचारावे: काय पाहायचे आहे, किती चालवेल, कोठे बसावेसे वाटते? कोणाला नंदीपाशी बसून जप करायचा असेल, कोणाला धरणाचे पाणी पाहायचे असेल, कोणाला आधार घेऊन खाली उतरण्याची हिंमत आणि प्रकृती दोन्ही असेल. त्यांनी सांगितलेल्या उत्तराप्रमाणे दिवस आखावा आणि संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी मुक्कामी पोहोचावे.